सहाव्या रिळातला जोड

खुर्चीच्या हातावरचं बटण ताईंनी चुकून दाबलं आणि त्यांचे दोन्ही पाय एकदम हवेत उचलले गेले.

"अगं बाई!"

शेजारच्या मुलीने हसू दाबत बटण पुन्हा दाबलं आणि पाय जमिनीवर आणून दिले. "मावशी, ते झोपायचं असेल तर."

"झोपायला नाही आले मी. बघायला आलेय," ताई म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून ताठ बसल्या.

ठेवणीतले कपडे घालून, दोन बस बदलून त्या आल्या होत्या. सरकत्या जिन्यासमोर पाच मिनिटं उभ्या राहिल्या, शेवटी साध्या जिन्याने तीन मजले चढल्या. आत आल्यावर सवयीने मान मागे वळवून प्रोजेक्टरची खिडकी पाहिली. खिडकी होती, पण यंत्राचा खडखडाट नव्हता की गरम फिल्मचा वास नव्हता. आता सिनेमा डबीएवढ्या एका वस्तूत मावतो, असं त्यांना धाकट्याने सांगितलं होतं. धाकटा सांगतो म्हणजे खरंच असणार.

धाकटा म्हणजे ताईंचा भाऊ, त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. ताईंनीच त्याला वाढवलं, शिकवलं, आणि तो सिनेमाचा मोठा प्राध्यापक झाला. दाढी पांढरी झाली तरी त्यांच्या लेखी तो अजून धाकटाच होता. 'ताई' हे नावही त्याचंच. लहानपणी त्यांच्यामागे कामाच्या जागी येऊन तो दिवसभर "ताई, ताई" करायचा, म्हणून तिथले हमालसुद्धा त्यांना ताई म्हणू लागले.

ती कामाची जागा म्हणजे एका वितरकाचं गोदाम. थिएटरांतून परत आलेली रिळं ताई तिथे तपासायच्या. एकतीस वर्षं. एका हाताने चक्र फिरवायचं, दुसऱ्या हाताची दोन बोटं फिल्मच्या कडांवरून सरकू द्यायची. कड कुठे चिरली, भोक कुठे फाटलं, ते डोळ्यांआधी बोटांना कळायचं. मग खराब तुकडा कातरायचा, टोक खरवडायचं, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचं बोट फिरवायचं आणि दाबून धरत मनात वीस आकडे मोजायचे. ताईंचा जोड पडद्यावर कधी उडी मारत नाही, असं थिएटरांतले ऑपरेटर लोक म्हणायचे. याहून मोठी शाबासकी त्यांना आयुष्यात मिळाली नाही आणि त्यांनी मागितलीही नाही.

गोदाम बंद झालं तेव्हा मालक म्हणाला, कोपऱ्यातला कचरा जाळून टाका. त्या कचऱ्यात नऊ डबे होते. आत एक मुका सिनेमा, लढाईचा. मजकुराच्या पाट्या बहुतेक गळालेल्या, रिळं जागोजाग तुटलेली. ताईंनी ते डबे दोन खेपांत बसने घरी आणले. नवरा म्हणाला, "माणसं घरी भाजी आणतात, तू मढी आणतेस." पण त्यानेच माळ्यावर जागा करून दिली. पुढची दोन वर्षं ताईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो सिनेमा तुकड्या-तुकड्याने जोडला. कुणी सांगितलं नव्हतं. तुटलेलं पाहिलं की हात शिवशिवायचे, एवढंच.

चार वर्षांपूर्वी डब्यांना आंबूस वास येऊ लागला. धाकटा म्हणाला, "ताई, मी नेतो. आमच्या संस्थेत थंड खोली आहे." त्याच्या गाडीत डबे ठेवताना ताईंनी प्रत्येकाखाली जुनी चादर घातली होती. तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. "ताई, सगळं चिकटून बसलं होतं गं. उघडलं तर नुसता भुगा. टाकून द्यावं लागलं." त्याचा आवाज असा पडलेला की ताईंना स्वतःचं दुःख बाजूला ठेवून त्याचीच समजूत घालावी लागली. "असू दे रे. तू काय मुद्दाम केलंस?"

आणि परवा रद्दीच्या गठ्ठ्यात त्याच सिनेमातला एक फोटो दिसला. शिरस्त्राण घातलेलं खेचर, त्याच्या गळ्यात हात टाकून बसलेला सैनिक. खाली लिहिलेलं: नव्याने सापडलेला, दुरुस्त केलेला मूकपट, नंतर प्राध्यापकांशी गप्पा. प्राध्यापक म्हणजे धाकटा. ताईंना आनंदाने भरून आलं. म्हणजे दुसरी प्रत सापडली कुठेतरी! सांगायला विसरला असेल, कामं काय कमी असतात त्याला.

दिवे गेले. पडदा उजळला आणि ताई खुर्चीत पुढे सरकल्या. इतकं स्वच्छ चित्र! त्यांनी हे चेहरे नखाएवढ्या चौकटीत, भिंगाखाली पाहिले होते. आता पापण्यांवरची धूळसुद्धा दिसत होती. खंदक, चिखल, रांगेतली पोरं. ज्याची ओळख फक्त बोटांना होती ते सगळं त्या पहिल्यांदाच डोळे भरून बघत होत्या.

तिसऱ्या रिळात खेचर आलं. ते चिखलातून डावीकडून निघालं आणि मध्येच एकदम उजवीकडे जाऊन उभं राहिलं.

थिएटर हसलं. ताई हसल्या नाहीत.

तिथल्या अकरा चौकटी त्यांनी स्वतः कापल्या होत्या. बुरशीने खाल्लेल्या होत्या, इलाज नव्हता. दुसऱ्या प्रतीत त्याच अकरा चौकटी कशा नसतील? होईलही, त्यांनी स्वतःला समजावलं, योगायोग असतात. पुढची दोन रिळं त्या सिनेमा बघत नव्हत्या, जोड बघत होत्या. जिथे त्यांनी कापलं होतं तिथेच कापलेलं होतं, जिथे जोडलं होतं तिथेच जोडलेलं होतं.

मग सहावं रीळ आलं. स्ट्रेचरवरून तो खेचरवाला सैनिक जातो, तोंडावर कापड. आणि लगेच तोच सैनिक मेणबत्तीशी बसून आईला पत्र लिहितो.

हा योगायोग नव्हता. ही ताईंची चूक होती. पाट्या नव्हत्या, तुकडे सुटे होते, त्यांनी अंदाजाने स्ट्रेचर आधी लावलं आणि पत्र नंतर. चूक ध्यानात आली ती धाकटा डबे घेऊन गेल्यावर आठवड्याभराने, भांडी घासताना. फोन करून सांगायचं राहून गेलं, आणि मग सगळा भुगाच झाला म्हटल्यावर सांगायचं तरी काय? ती चूक जगात फक्त त्यांना ठाऊक होती आणि आता ती तीनशे माणसांसमोर घराएवढी मोठी होऊन उभी होती. धाकट्याने केसाने गळा कापला होता. आणि आपण त्याचीच समजूत घालत बसलो होतो, हे आठवून ताईंचे कान तापले.

सिनेमा संपला. टाळ्या थांबेनात. मंचावर दोन खुर्च्या आल्या. एकीवर धाकटा, दुसरीवर प्रत दुरुस्त करणारी तंत्रज्ञ, चष्मा डोक्यावर चढवलेली एक मध्यमवयीन बाई. शेवटच्या नावांमध्ये 'शोध आणि जतन' याखाली एकच नाव होतं, धाकट्याचं.

"मी एका भंगारवाल्याकडे उभा होतो," धाकटा सांगत होता, "आणि पत्र्यांखाली हे नऊ डबे दिसले. अंगावर काटा आला हो माझ्या."

एका प्रेक्षकाने विचारलं, "मेलेला सैनिक पत्र लिहितो, हे त्या काळात सुचलं कसं?"

"हाच तर दिग्दर्शकाचा द्रष्टेपणा!" धाकटा पुढे झुकला. "मरण आधी, शब्द नंतर. माझ्या नव्या पुस्तकात यावर अख्खं प्रकरण आहे."

ताई कधी उभ्या राहिल्या ते त्यांनाही कळलं नाही. कुणीतरी हातात माईक दिला. एक वाक्य पुरेसं होतं. ते प्रकरण, ते पुस्तक, तो भंगारवाला, सगळं एका वाक्यात धुळीला मिळालं असतं.

धाकट्याने पाहिलं. ओळखलं. त्याचा हात दाढीपाशी थबकला. आता म्हणेल, ताईंना वाटलं. अजूनही वेळ गेलेली नाही. नुसतं "ताई" म्हण. बाकी मी सांभाळून घेते, आजवर घेतलंच आहे.

"बोला ना, आजी," धाकटा म्हणाला. "तुमचा प्रश्न?"

ताईंनी माईक दोन्ही हातांनी धरला. "रिळं कुठे मिळाली म्हणालात?"

"सांगितलं ना मघाशी. भंगारात." तो हसला, पण ताईंकडे न बघता. "नशीब आमचं."

"बरं. सहाव्या रिळात दोन तुकडे मागेपुढे झालेत. तेवढं नीट करून घ्या."

थिएटरभर प्रेमळ हसू पसरलं. "आजींची सूचना आम्ही नक्की लक्षात घेऊ," धाकटा म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंचावरची तंत्रज्ञ तेवढी हसली नाही. तिने चष्मा डोळ्यांवर ओढला.

गप्पा संपल्या, गर्दी ओसरली. ताई बाहेर जिन्यापर्यंत पोचल्या असतील-नसतील, तोच ती तंत्रज्ञ धावत आली. "थांबा हो जरा! ते सहाव्या रिळाचं कशावरून म्हणालात?"

"बाहीवरून. पत्र लिहिताना त्याची बाही शाबूत आहे. स्ट्रेचरवर फाटलेली आहे. मेल्यावर उठून बाही शिवत बसला का तो?"

तंत्रज्ञ आणखी जवळ आली. "अहो, मी सरांना म्हटलं होतं, तिथला जोड मूळचा वाटत नाही. ते म्हणाले, मूळचाच आहे, हात लावू नका." तिने आवाज खाली आणला. "मलाही लावावासा वाटला नाही, खरं सांगते. इतका सफाईदार जोड मी आजवर पाहिला नाही. कुणाचा असेल?"

"माझा," ताई म्हणाल्या. "चूक माझीच आहे."

"ताई!"

मागून आवाज आला. प्रेक्षक पांगले होते, फोटो काढणारे गेले होते. धाकटा दारातून घाईघाईने येत होता. "ताई, अगं ऐक तरी! ताई!"

तंत्रज्ञ वळली. "सर तुम्हाला हाक मारताहेत का? तुम्ही त्यांच्या कोण?"

ताईंचा हात कठड्यावर होता. ही हाक चौसष्ट वर्षांत कधी आली आणि त्यांनी वळून पाहिलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. मान आपसूक वळायला निघाली, ती त्यांनी कठडा घट्ट धरून थांबवली.

"मी त्यांची कोणी नाही," त्या म्हणाल्या. "कागद आहे का तुमच्याकडे? लिहून घ्या. आधी पत्र. मग मेणबत्ती विझते. मग स्ट्रेचर."