आयनारचा आवाज

ग्रेथेचा एक नेम होता. रोज संध्याकाळी चर्चमधली मेणबत्ती विझवून बाहेर आली की ओट्यावर उभी राहून ती आपल्याच घरी फोन लावायची. निरोप टिपणाऱ्या यंत्रातून तिचा नवरा आयनार बोलायचा, ‘आम्ही घरी नाही, निरोप ठेवा.’ आयनारला जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी बसून यंत्र लावूनही तो आवाज ऐकता आला असता, पण नेम फोनचा होता. नेमाला कारण विचारू नये.

ही गोष्ट तिनं फक्त धाकट्या भावाला, प्रेबेनला सांगितली. प्रेबेन वर्तमानपत्रात दर शनिवारी सदर लिहायचा. हल्लीची माणसं कशी जगतात याच्या गमती. त्या शनिवारी त्यानं लिहिलं, ‘माझी बहीण स्वर्गात फोन लावते. देव उचलत नाही, यंत्र उचलतं. आपल्या देशात आता मेलेल्यांनासुद्धा मासिक बिल येतं.’ नाव घातलं नव्हतं, पण गाव होतं, चर्चची नोकरी होती, आणि फ्योर्डकाठच्या त्या चिमुकल्या गावात चर्चची मेणबत्ती विझवणारी बाई एकच. लोकांनी नंबर शोधला. एका संध्याकाळी ग्रेथेनं फोन लावला, तर लाइन व्यस्त. मेलेला नवरा दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होता. घरी येऊन बघते तर यंत्रात निरोप साचलेले: वर हवामान कसं आहे, बिअर मिळते का, माझ्या सासूला सांगा, तिकडेच राहा.

आता त्या सदरांचं पुस्तक निघणार होतं. तो लेख त्यात नको, एवढंच तिनं प्रेबेनला फोनवर सांगितलं. तो हसला. म्हणाला, पुस्तकातला तोच तर सगळ्यात चांगला आहे, आणि तुला ओळखतंय कोण.

ग्रेथेनं फोन ठेवला. प्रेबेनच्या साठीला गाणं मी लिहीन, एवढं मात्र तिनं त्याची बायको विबेके हिला कळवून टाकलं.

साठीच्या जेवणात घरच्यांनी गाणं लिहायचं, ओळखीच्या चालीवर बसवायचं, कागद वाटायचे, आणि सगळ्यांनी मिळून उत्सवमूर्तीची टर उडवायची, ही रीत. गाणं सुरू झालं की शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणायचंच. मध्ये थांबणं म्हणजे भरल्या पानावरून उठणं.

भाजलेलं डुकराचं मांस, लाल कोबी आणि साखरेत परतलेले बटाटे फिरून झाले, तसे कागद उलगडले. पहिलं कडवं सगळं सभागृह दणक्यात म्हणालं,

‘बहीण माझी स्वर्गामध्ये रोज लावते फोन,
देव काही उचलत नाही, यंत्र विचारी, कोण?’

प्रेबेनचीच वाक्यं, सुरात बसवलेली. तो खुशीत टेबलावर ताल धरून होता. दुसऱ्या कडव्यात ते निरोप आले, जसेच्या तसे. हवामान आलं, बिअर आली. सासूच्या ओळीला आवाज पातळ झाले. आयनारबरोबर मासे धरायला जाणारे म्हातारे कागदाकडे बघत राहिले. तिसरं कडवं ग्रेथे एकटीच म्हणत होती. जन्मभर तिचा आवाज चर्चमधल्या मागच्या बाकापर्यंत पोचला नव्हता, तो आज भिंतीवर आपटत होता.

गाणं संपलं. प्रेबेननं प्याला उचलला आणि हसायचा प्रयत्न केला. “ग्रेथे, तू तर माझ्यापेक्षा बरं लिहितेस. हेही पुस्तकात घालू या.”

कुणीतरी सुटल्यासारखं हसलं. विबेके हसली नाही.

“तो लेख काढ,” ग्रेथे म्हणाली. “आत्ता, यांच्यासमोर सांग.”

“अगं, पुस्तक छापायला गेलंय. आणि लोकांना तोच आवडतो.”

“आवडतो म्हणूनच माझ्या नवऱ्याला फोन करतात ना. तू माझी टर उडव, मी बहीण आहे, सोसेन. तो तुझ्या शनिवारच्या सदराचा कोण लागतो?”

गाणं लिहिणारा खाली बसेपर्यंत कुणी घोट घेत नाही, हीही रीतच. ग्रेथे बसत नव्हती. सगळ्यांचे हात प्याल्यांवर तसेच राहिले, रस्सा थिजत चालला. प्रेबेननं बायकोकडे पाहिलं. तिनं आपला प्याला बाजूला सारला.

“काढतो,” तो पुटपुटला.

“ऐकू आलं नाही त्यांना.”

“काढतो म्हटलं ना,” तो ओरडला.

तेव्हा ती बसली. प्याले वर गेले, जयघोषही झाला, रीतीपुरता. ग्रेथेनं आपला प्याला उचलला नाही. शेजारच्या विबेकेला ती म्हणाली, सोमवारी प्रकाशकाकडे हा जाईल तेव्हा मीही येईन; याच्या शब्दावर माझा आता विश्वास नाही.