जाळीतला पंखा

“पंखेवाल्याच्या घरी पंखा बंद!” मेहुणा म्हणाला आणि रुमालाने मान पुसत असा काही हसला, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काय मिस्त्री, साऱ्या गावाला वारा देता आणि आम्हाला घामाची आंघोळ?”

“पक्षी बाहेर आहे,” मी म्हटलं.

“मग घाला की पिंजऱ्यात.”

“तो दिवसभर मोकळाच असतो. अर्धा तास गरम झालं म्हणून काही वितळत नाही तुम्ही.”

बायकोने दारातून माझ्यावर डोळे वटारले. पलंगाच्या कडेला सासूबाई बसल्या होत्या. आमच्याकडची मागची खोली आम्ही त्यांना दिली होती, आणि मेहुणा महिन्यातून एकदा त्यांना भेटायला तिथेच येऊन बसायचा. त्यांच्या खांद्यावर मूठभर हिरवा बजी पोपट इकडून तिकडे फेऱ्या मारत होता. त्या ना मुलाला काही बोलल्या, ना मला.

हो, मेहुणा म्हणजे त्यांचा सख्खा मुलगा, एकुलता एक. तीन खोल्या, गॅलरी, सगळं आहे. सासरे गेल्यावर याने आईला काय सांगावं? “तू खुशाल ये, पण तो पक्षी नको. घाण करतो. सोफा नवीन आहे.” सोफा! ज्या बाईने बत्तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडले आणि त्या पगारावर याला शिकवलं, तिच्यापेक्षा याला सोफा मोठा. सासूबाईंनी वाद घातला नाही. एक बॅग भरली, मांडीवर पिंजरा घेतला आणि आमच्याकडे आल्या. नवरा गेल्यावर त्या रिकाम्या घरात त्यांच्याशी बोलणारं तेवढं एकच होतं. काहीही सांगितलं की मान फिरवून बसतो म्हणून त्या त्याला ‘साहेब’ म्हणायच्या. दिवसभर त्यांचं साहेबांशी बोलणं चाले, आमच्याशी मात्र मोजकंच.

मी पंख्यांचं वाइंडिंग करतो. सव्वीस वर्षं झाली. जळलेली कॉईल काढायची, नवी तार भरायची, वार्निशमध्ये बुडवायची, वाळवायची. फिरत्या पात्याने काय होतं ते मला कुणी सांगायला नको, माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट पेराएवढं कमी आहे. म्हणून साहेब आले त्याच दिवशी मी त्या खोलीतल्या पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी मारली. मग एकेक सुरू झालं. पहिल्याच उड्डाणात साहेब कपाटाच्या आरशावर आपटले. मी आरशाला वर्तमानपत्र चिकटवलं. बादल्यांना झाकणं आणली. स्वयंपाकघराच्या खिडकीला बारीक जाळी ठोकली. मागच्या खोलीच्या खिडकीची चौकट किडलेली, खिळा धरेना, म्हणून ती खिडकीच कायमची बंद करून टाकली. पक्ष्यांच्या डॉक्टरने सांगितलं, की नॉनस्टिकचा तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतो. त्याच संध्याकाळी मी तवा उचलला आणि शेजारणीला देऊन टाकला.

“आधी मला विचारायचं तरी!” बायको कडाडली. “केस विंचरायला बातम्यांत तोंड बघते मी. आता तवाही गेला. उद्या मलाही देऊन या शेजारी!”

“घेतात का विचारून बघतो,” मी म्हटलं, आणि दोन दिवस आमचा अबोला चालला.

सासूबाई फक्त म्हणायच्या, “कशाला एवढा त्रास घेता?” त्या कधी काही मागत नसत. चहा गोडमिट्ट झाला तरी छान, पाणचट झाला तरी छान. मी दुकानात येईल त्याला सांगायचो, आमच्या सासूबाईंची म्हणून एक तक्रार नाही. मुलाला जड झाल्या, जावयाकडे सुखात आहेत. छाती फुगवून सांगायचो मी हे.

पण मेहुण्याचं ते हसणं काही डोक्यातून जाईना. शिवाय ऊन वाढत चाललं होतं. सासूबाई दुपारी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसलेल्या मी दोनदा पाहिल्या. पुढच्या खेपेला असा पंखा दाखवतो की हा तोंडात बोट घालील, असं मी मनाशी ठरवलं. लहान पात्यांचा एक पंखा घेतला. कॉईलला नेहमीपेक्षा जास्त वेढे भरले, म्हणजे तो सावकाश फिरेल. उभ्या पंख्यांच्या दोन मोठ्या जाळ्या जोडून त्याच्याभोवती पिंजरा केला आणि फटी तारेने विणून घेतल्या. पक्षी मोकळा आणि पंखा पिंजऱ्यात! आमच्या धंद्यात असं काम कुणी केलं नसेल. फक्त एक झालं. वार्निश दिल्यावर कॉईल दोन दिवस कडक उन्हात वाळवायची असते. मी शनिवारी दुपारी वार्निश दिलं आणि रविवारी सकाळी पंखा टांगला, कारण रविवारी मेहुणा येणार होता.

तो आला. मी ऐटीत बटण दाबलं. पंखा गुरगुरला, फिरला, छान झुळूक आली. साहेबांनी एक गिरकी मारली आणि ते थेट वर जाळीवरच जाऊन बसले, मोटरीला खेटून. सगळेच हसलो.

“वा मिस्त्री, मानलं,” मेहुणा म्हणाला. मग नाक आक्रसून म्हणाला, “पण वास कसला येतोय हो? डोकं धरल्यासारखं होतंय.”

झोंबलं मला. “नव्या वस्तूला वास असतोच. तुमच्या सोफ्याला नव्हता का?”

“नाही, म्हणजे खिडकी तरी जरा…”

“खिडकी उघडली की पक्षी जाईल. तुम्हाला काय, बरंच आहे ते.”

“आई, तुला येतोय ना वास?” त्याने विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “छे रे,” त्या म्हणाल्या. “मला नाही बाई येत. छान झालाय पंखा.”

मी मेहुण्याकडे असं बघितलं, जसा काही मी खटलाच जिंकला होता.

तो चार वाजता गेला. पाचला साहेब जाळीवरून खाली आले, पण उडत आले नाहीत. पडले, सासूबाईंच्या पायाशी. चोच उघडी, आणि दर श्वासाला शेपटी वरखाली होत होती. सासूबाईंनी त्यांना ओंजळीत घेतलं. शेजाऱ्याची स्कूटर घेऊन मी सासूबाईंना मागे बसवलं आणि डॉक्टरकडे सुसाट नेलं. डॉक्टरने ओंजळीत बोट घालून पाहिलं आणि मान हलवली. सगळं रस्त्यातच आटोपलं होतं.

“सेंट मारून आला होता तो!” मी डॉक्टरवरच ओरडायला लागलो. “माझा मेहुणा! अख्खी बाटली ओतून फिरतो. हा पक्षी त्याच्या डोळ्यांत खुपतच होता. काय सांगावं, मुद्दामही…”

“घरात रंग, पॉलिश, वार्निश असं काही चाललंय का?” डॉक्टरने शांतपणे विचारलं.

सासूबाई ओंजळीकडे बघत होत्या.

“काही नाही,” मी म्हणालो.

तव्याची वाफ मला कळली होती आणि वार्निशची कळली नव्हती. का? तर तवा बायकोचा होता आणि वार्निश माझं. सव्वीस वर्षं मी त्या वासात जेवतो, त्या वासात डुलकी काढतो, मला तो वासच वाटत नाही. घरी आल्यावर मी पंखा उतरवला आणि कुणाला काही न सांगता दुकानात नेऊन कोपऱ्यात फेकला.

बुधवारी मेहुण्याचा फोन आला. बायकोच्या हाताला पीठ लागलं होतं, म्हणून तिने स्पीकर लावला.

“वाईट झालं गं,” तो म्हणाला. “पण एका परीने प्रश्नच सुटला. आता काही अडचण नाही. रविवारी गाडी घेऊन येतो, आईची बॅग भरून ठेव.”

अडचण! त्या जिवाला हा अडचण म्हणतो! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. त्याला फोनवरच असा फैलावर घेणार होतो. पण कुठल्या तोंडाने बोलणार? त्याने सोफ्यापायी पक्षी नाकारला, मी फुशारकीपायी मारला. त्याने निदान तोंडावर तरी सांगितलं होतं.

मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकलून आत गेलो. सासूबाईंनी फोन ऐकला होता. पलंगावर बॅग उघडी होती आणि त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“आई, ते वार्निश होतं,” मी म्हणालो. “ओलं होतं. तुमच्या मुलाला दाखवायच्या घाईत टांगलं मी. डॉक्टरशीही खोटं बोललो.”

“माहीत आहे.” त्या घडी घालतच राहिल्या. “सकाळपासून वास येत होता मला. घसा धरला होता.”

मला आधी कळेचना. “मग बोलला का नाहीत? त्याने तर तुम्हाला सरळ विचारलं होतं!”

“जावयाच्या घरी राहायचं आणि त्याच्याच कामाला नावं ठेवायची? एवढ्या हौसेने केलेलं तुम्ही. त्याच्यासमोर तुम्हाला खाली बघायला लावू?”

“अहो, जीव गेला ना साहेबांचा!” मी ओरडलो. त्यांच्यावर ओरडत होतो की स्वतःवर, देव जाणे. “दोन वर्षं राहताय या घरात आणि खिडकी उघडा एवढं म्हणवलं नाही तुमच्याने? कसली ही भीड? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?”

त्यांच्या हातातली घडी मोडली. त्यांनी वर पाहिलं. त्यांना रागावलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“नाही म्हणवलं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कधी विचारलंत? पंखा बंद केलात, विचारलंत? खिडकी बंद केलीत, विचारलंत? दोन उन्हाळे उकडून निघाले मी या खोलीत. पक्ष्यासाठी म्हणून गप्प बसले. ही उशी दगड आहे नुसती. चहा करता की पाक करता तुम्ही? सकाळी सहाला तुमचा तो रेडिओ माझ्या डोक्यात घण घालतो. आणि येता-जाता दार ढकलता. तुम्ही, ती, सगळेच. मी कपडे बदलत असेन, रडत असेन, कुणाला त्याचं काही नाही. घर तुमचं आहे, कबूल. पण खोली मला दिलीत ना? मग ती माझी आहे.”

बायको पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी होती.

“आणि त्याला सांग,” त्या तिला म्हणाल्या, “रविवारी येऊ नकोस म्हणावं. नको, तू राहू दे. मीच सांगते. मला चांगलं बोलता येतं फोनवर.” त्यांनी बॅग उचलली आणि पलंगावर उलटी केली.

मी बायकोला मागे सारलं, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. मग दारावर टकटक केली.

“कोण आहे?”

“मी. येऊ का?”

“आत्ता नको,” त्या म्हणाल्या.

मग आतून रडणं ऐकू आलं. चांगलं मोठ्याने, शेजारीपाजारी ऐकतील असं. बायको पुढे झाली, तसा मी तिचा हात धरला. आम्ही दोघं तिथेच दाराबाहेर उभे राहिलो.