रडण्याची साक्ष

“बाळ रडलं होतं का?” न्यायाधीशांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“खोटं कशाला बोलू साहेब? मी काही ऐकलं नाही,” गॅव्हिन टोरन्स म्हणाला. त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

गॅव्हिन हेरिंग मासळीची पिंपं बांधायचा. त्याच्या पिंपातून कधी थेंब गळला नव्हता. अक्कल मात्र गळली असावी, असं त्या दिवशी सगळ्यांना वाटलं. राहतं घर बायकोचं, एल्स्पेथचं, बापाकडून आलेलं. ती गेली आणि महिन्याभरात तिचा चुलतभाऊ वॉल्टर किल्ली मागायला हजर! स्कॉटलंडचा जुना कायदा असा, की जोडप्याला जिवंत मूल झालं असेल आणि त्याचं रडणं कुणी ऐकलं असेल, तर बायकोचं घर नवऱ्याकडे, त्याच्या मरणापर्यंत. नाहीतर बोचकं उचल आणि चालू लाग. बत्तीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती. गॅव्हिन आत गेला तेव्हा ती निपचित होती. मेलेलीच जन्मली, असंच तो धरून चालला होता.

मग चौऱ्याऐंशी वर्षांची सुईण, बेल आजी, उभी राहिली.

“आजी, ऐकू येतं का?” वॉल्टरच्या वकिलाने विचारलं.

“काय?”

कोर्ट खदखदून हसलं. तो ओरडला तशी ती म्हणाली, “आता नाही रे बाबा. तेव्हा उंदराची पावलंसुद्धा ऐकू यायची.”

“बाळ रडलं?”

“रडलं म्हणजे? तीनदा! मग दमली बिचारी.”

“मग बापाला कसं ऐकू आलं नाही?”

“कसं येईल? हा मेला अंगणात पिंपाला पट्ट्या ठोकत होता! बोटी आल्या होत्या ना. हाका मारून माझा घसा बसला.”

गॅव्हिन बेल आजीकडे वळला. “बेल, मला कधी बोलली नाहीस?”

“तुझ्या एल्स्पीनंच शपथ घातली होती. म्हणाली, ‘सांगू नकोस, जन्मभर हातोड्याला शिव्या देत बसेल.’ आता तुझं घरच जायला लागलं, मग मोडली शपथ. वर गेल्यावर तिचं माझं काय ते बघून घेऊ.”

घर राहिलं. वॉल्टर पाय आपटत गेला. गॅव्हिनला आनंद झाला, घराचा झालाच. पण आपल्या पोरीला आवाज होता याचा जास्त झाला, आणि त्याच आनंदाने त्याला रडवलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात पुन्हा ठोकाठोक सुरू झाली. तीन घाव, मग हातोडा वरच थांबे. पुन्हा तीन घाव.

“म्हातारा दमायला लागला,” शेजारी म्हणाले.