पुलावरच्या माणसाचा आवाज

त्या स्टुडिओत त्याला सगळे वनटेक म्हणत. तोंडावर पुढे साहेब लावत, पाठीमागे नुसतंच वनटेक. कादंबऱ्या मोठ्याने वाचून त्या रेकॉर्ड करायच्या, हा त्याचा धंदा. माइकसमोर बसला की एकाच टेकमध्ये प्रकरण संपवायचा; मध्ये अडखळणं नाही, पाणी नाही, खोकला तर नाहीच. पान उलटलं तरी आवाज व्हायचा नाही. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, जे पुस्तक वाचायचं ते तो आधी उघडूनही बघत नसे.

"ऐकणाऱ्याला जे ठाऊक नाही ते मला ठाऊक असून कसं चालेल?" असं तो म्हणायचा, आणि त्यात तथ्यही होतं. गोष्टीत दारामागे कोणी उभं असलं तर ऐकणाऱ्याबरोबर वनटेकही दचकायचा, आणि ते दचकणं खरं असायचं. लोक त्यासाठीच त्याला ऐकत. पण झालं काय, नियम खरा ठरत गेला आणि माणूस आडमुठा होत गेला.

काचेपलीकडे, यंत्रावर, त्याची लेक बसायची. तिचं सगळं उलटं. प्रत्येक पुस्तक ती आधी दोनदा वाचून यायची आणि वाचलेलं पोटात ठेवायची, कारण बापाला शेवट सांगणं म्हणजे घरात महायुद्ध.

या वेळचं पुस्तक जुनं, नावाजलेलं आणि उशीएवढं जाड होतं. त्यात एक पूल बांधणारा होता. कसबी माणूस, पण मोडेन पण वाकणार नाही अशा जातीचा. गवंड्यांवर खेकसणारा, बायकोला उडवून लावणारा. पहिल्याच प्रकरणात त्याच्या पोरीने एका खांबाला तडा दाखवला, तर त्याने तिला चारचौघांत झापलं. वनटेकने दोन पानांत त्या माणसाचं माप काढलं आणि त्याला आवाज देऊन टाकला. घशातून येणारा, कोरडा, वाक्य संपताना दार आपटल्यासारखा.

"बाबा," हेडफोनमधून लेक म्हणाली, "हा आवाज आत्ताच ठरवू नका. एकदा पुस्तक शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा."

"मध्येच बिब्बा घालू नकोस. तू बटण दाब."

तिने बटण दाबलं. दुपारी डबा खाताना मात्र तिने शांतपणे सांगून टाकलं, की दुसऱ्या शहरातल्या एका स्टुडिओने बोलावलंय आणि हे पुस्तक झालं की ती जाणार आहे. "तिकडे निदान माझं ऐकून तरी घेतील."

"जा की. तुझ्यावाचून कुणाचं अडलंय?" वनटेक म्हणाला आणि त्याने डब्याचं झाकण लावलं. ही पोर काचेपलीकडे नसेल तर आपण कुणासाठी वाचायचं, हे त्याला कळेना. पण पडलो तरी नाक वर, तसं त्याचं होतं.

पुस्तक पुढे सरकत गेलं. पूल बांधणारा एकेक माणूस गमावत गेला. भागीदार गेला, मित्र गेला, शेवटी पोरगीही घर सोडून गेली. वनटेक त्याला कोरड्या आवाजात झोडपत राहिला. असल्या हेकट माणसाचं असंच व्हायचं, असं त्याचं स्पष्ट मत होतं. बघा, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ माणसाला किती लख्ख दिसतं!

मग ते प्रकरण आलं. पूल खुला करायचा दिवस. तडा गेल्याची कुजबुज गावभर पसरलेली, म्हणून पुलावर पाऊल टाकायला कोणी धजेना. पूल बांधणाऱ्याने स्वतःची घोडागाडी काढली. ती पाहून लोकांना धीर आला आणि पोराबाळांसकट ते मागून चालू लागले. गाडी मधोमध पोचली तेव्हा खालून दगड फुटल्याचा आवाज आला. घोडा पळवला असता तर तो एकटा पलीकडे पोचला असता. त्याने घोडा थांबवला, गाडीवर उभा राहिला आणि मागे वळून ओरडला.

"मागे फिरा! माझी पोरगी खरं सांगत होती!"

वनटेकने ओळ वाचली, त्याच कोरड्या आवाजात, आणि ती तिथेच मेली.

"पुन्हा," तो म्हणाला. त्या खोलीने हा शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्याने पुन्हा वाचलं, तेच. आवाज चढवून पाहिला, तर माणूस मरणाच्या दारातही लोकांना शिव्या देतोय असं वाटायला लागलं.

"हा माणूस वाईट नव्हता गं," वनटेक हळूच म्हणाला.

"नव्हताच."

"मग मी हा आवाज आणला कुठून?"

लेकीने यंत्रात काहीतरी शोधलं. रेकॉर्डिंगमधलं अधलंमधलं बोलणंही माइक टिपतो. ते कापून टाकायचं काम तिचंच. हेडफोनमध्ये आधी पूल बांधणारा आला: "तुला काय कळतं खांबातलं? घरी जा." आणि लागलीच मागोमाग: "मध्येच बिब्बा घालू नकोस. तू बटण दाब."

दुसरं वाक्य पुस्तकात कुठे होतं, ते वनटेकला क्षणभर आठवेना.

"घरचाच आवाज आहे, बाबा," लेक म्हणाली. "मला पहिल्या दिवशीच ओळखू आला होता."

वनटेकला लाज वाटली. जन्मभर आवाजावर भाकरी खाल्ली आणि स्वतःचाच ओळखता आला नाही. पुस्तकातल्या त्या बापाला पुलावरून उतरून पोरीकडे जायला वेळ उरला नव्हता. याला होता. तो उठला, जाड दार ढकललं आणि काचेच्या तिच्या बाजूला गेला.

"तू खरं सांगत होतीस," तो म्हणाला. आवाज साधा होता, जरा चिरकलाही. "पहिल्या प्रकरणापासून सगळं परत करू. अन्याय झालाय माझ्याकडून." मग त्याने पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. शेवटची थोडी पानं उरली होती. "आता शेवट सांग."

लेकीने कानावरचे हेडफोन काढले. "सांगू? खरंच?"

"सांग म्हणतोय ना!" सुंभ जळला तरी पीळ एका दिवसात कसा जाईल? त्याचं त्यालाच हसू आलं. "सांग, बाई."

"पूल पडतो. तो जातो, लोक वाचतात. मग पोरगी परत येते आणि त्याच जागी नवा पूल बांधते. नदीतून त्याचेच दगड काढून."

"पडलेल्या पुलाचे दगड?"

"एक खांब चुकला होता, बाबा. दगड चांगलेच होते."

वनटेकने घसा साफ केला, जे तो कधीच करत नसे. "म्हणजे तू जाणार."

"जाणार. पण हे पुस्तक झालं की."

"बरं." त्याने पुस्तक उचलून काखेत मारलं. "मग हे मी घरी नेतो. आधी वाचून काढतो. दोनदा, तू वाचतेस तसं."

"सावकाश वाचा," लेक म्हणाली आणि तिने रेकॉर्डिंगचा लाल दिवा बंद केला.