गुळ्याची सुरगाठ

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारातली दुकानं गुळ्याला पाठ होती. आधी भाजीवाल्या सिंधुबाईकडं मेथीच्या काड्या, मग किराणावाल्या मलप्पाच्या पायरीशी गुळाचा खडा, आणि पोट भरलं की रमतगमत घर. टांगेवाल्या गफूरचाचांचं हे शिंगरू. रंग काकवीसारखा, पाय अंगाला न शोभण्याइतके लांब, आणि गळ्यात दोर म्हणून नाही. कुणी विचारलं, "चाचा, बांधत का न्हाई याला?" तर चाचा म्हणायचे, "लहान हाय अजून."

खरं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गेल्या सालच्या भूकंपात चाचांच्या तबेल्याची भिंत आत कोसळली, तेव्हा मैना घोडी खुंट्याला बांधलेली होती. पोटात हा गुळ्या. घाबरून ती मागं उसळली आणि तिच्याच ओढीनं दाव्याची निरगाठ आवळून दगड झाली. चाचांची नखं उखडली, पण गाठ सुटेना. शेवटी त्यांच्या बायकोनं, अमीरबीनं, विळा आणून दिला, दावं कापलं, आणि घोडी बाहेर येते न येते तोच वरचं मातीचं माळवद खाली बसलं. त्या दिवसापासून चाचांच्या अंगणात कुठल्याच जनावराच्या गळ्यात दोर पडला नाही. मैना जाणती होती, ती निंबाखालून हलायची नाही. गुळ्या मात्र जन्मापासून मोकाट वाढला.

इकडं लातूरच्या शिकवण्यांचं नाव असं गाजलं होतं, की सकाळचा रस्ता पोरं भरलेल्या जिपांचाच झाला होता. टांग्याला उतारू कमी आणि जीपच्या मागं लटकलेली दप्तरं जास्त. अशाच एका सकाळी गुळ्या उड्या मारत रस्त्यावर आला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. पुढं बसलेल्या सुदर्शनचं कपाळ दांडीवर आपटलं आणि भुवई फाटली. डोळा थोडक्यात वाचला.

सुदर्शनचे वडील शेषेराव त्याच संध्याकाळी आले. त्यांचं शेत टांग्याच्या रस्त्याला लागून, त्यामुळं रोजची ओळख. ते बाजेवर टेकले, अमीरबीनं दिलेला चहा घेतला, मग बोलले.

"चाचा, मी भांडाया आलो न्हाई. पण आज माझं पोरगं होतं, उद्या दुसऱ्याचं असंल. एक तर ह्याला बांधा, न्हाई तर माळेगावच्या जत्रंत पाठवा. पंधरा-वीस दिसांनी माझा टेम्पो जायलाय बैलांसाठी. तिथं घोड्याचं गिऱ्हाईक हटकून मिळतंय."

चाचांनी मान खाली घातली. "तुमचं खरं हाय, शेषेराव. टेम्पो निघायच्या आत हे दाव्याला गुमान उभं राहिलं तर ठेवीन. न्हाई तर तुमीच घेऊन जावा."

दाराआड उभ्या नातीनं, तूबानं, हे ऐकलं. लेकीची ही पोर शाळेसाठी चाचांकडंच राहायची. गुळ्याचं नावही तिनंच ठेवलेलं. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताच तिनं दप्तर फेकलं. "नाना, पहिलं त्याला काय शिकवायचं?"

"पहिलं आपुन शिकायचं. त्याला कुठं खाजवतं ते."

तूबाला वाटलं, नाना चेष्टा करतात. पण चाचांनी तिचा हात धरून गुळ्याच्या खांद्यावरच्या उंचवट्याशी नेला. तिथं बोटं चालवताच गुळ्यानं मान लांब केली आणि त्याचा वरचा ओठ थरथरू लागला. "त्याची माय इथंच चावे घेती बघ. आता तुझा हात त्याला मायेसारखा झाला. इथून निघायचं, आन् रोज थोडं पुढं जायचं. कान, पोट, मंग पाय. बिचकला की परत इथंच यायचं."

मग पाय उचलायला शिकवलं. मग नुसता दोर पाठीवर टाकून ठेवला, गुळ्यानं हुंगला, चावला, विसरला. मग मऊ सुताची मोरकी तोंडावर चढली. मैनेच्या शेजारी त्याला चालवताना चाचा सांगायचे, "ओढायचं न्हाई, पोरी. तो आपल्यापेक्षा ताकदीचा हाय, हे त्याला कळूच द्यायचं न्हाई. नुसता ताण धर. त्यानं एक पाऊल दिलं की लगेच सैल सोड. घोड्याला सोडणं हीच शाबासकी."

तूबाला हे इतकं आवडलं, की ती शेळीलाही तसंच चालवू लागली. शेळीनं काही दाद दिली नाही.

आठवडाभरात गुळ्या बाजारातून मोरकीला शहाण्यासारखा चालला. मलप्पा म्हणाला, "अरे वा, शाळंत घातलं की काय याला?" आता फक्त खुंटा राहिला होता.

आणि तिथंच गाडं अडलं. चाचांनी दावं बांधलं, गुळ्या मागं सरला, दावं ताणलं, आणि चाचा धावत जाऊन सोडून आले. "आज हवा बरी न्हाई," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर दावं बांधताच गुळ्यानं, काही कारण नसता, जोरात हिसका दिला आणि चाचांकडं बघत उभा राहिला. चाचा उठलेच.

तूबा म्हणाली, "नाना, सोडणं म्हंजे शाबासकी ना?"

"हाव."

"मंग त्यानं ओढलं की तुमी सोडता. म्हंजे शाबासकी कशाची झाली?"

चाचांचा हात मोरकीवरच थांबला. चुलीपाशी बसलेल्या अमीरबीनं भाकरी उलटली. "घ्या! पोरगी शिकली, शिंगरू बी शिकलं. ऱ्हायलं कोन?"

चाचा हसले नाहीत. ते निंबाखाली जाऊन बसले. शिंगरू चुकीचं काहीच शिकलं नव्हतं. त्यांनी जे शिकवलं तेच ते बिनचूक शिकलं होतं. त्यांचं भय दाव्यावरून उतरून त्या पोरसवद्या जनावराच्या मानेत गेलं होतं.

थोड्या वेळानं ते उठले. तबेल्याच्या पडक्या भिंतीजवळचा खुंटा त्यांनी उपटला आणि उघड्या अंगणात, भिंतींपासून लांब, ठोकला. मग तूबाला जवळ बसवलं.

"ही सुरगाठ. बघ, कितीबी ताणलं तरी आवळून बसायची न्हाई. आन् हे मोकळं टोक ओढलं की झालं, लेकराला बी सुटती. डोळे मिटून बांध."

तूबानं डोळे मिटून बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"आता तू बांध गुळ्याला. मोकळं टोक तुझ्या हातात. तो ओढंल तवा ओढू द्यायचं. पुढं आला की मंगच सोडायचं. माझ्याकडं बघू नको."

ते बाजेवर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. गुळ्यानं हिसका दिला. दावं ताणलं, मोरकी करकरली, मागचे पाय मातीत रुतले. चाचांचे खांदे वर आले. तूबा जागची हलली नाही. शेजारी मैना कडबा खात राहिली, तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. गुळ्यानं फुरफुर केली, आईकडं बघितलं आणि एक पाऊल पुढं टाकलं. दावं सैल पडलं. तूबानं टोक ओढलं.

"शाब्बास," चाचा म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही.

पुढचे दिवस तेच चाललं. गुळ्याचं उभं राहणं लांबत गेलं. टेम्पो निघायच्या आदल्या संध्याकाळी शेषेराव आले, तेव्हा तो खुंट्याला उभा राहून शेपटीनं माशा हाकत होता. तूबा जवळच बसली होती.

शेषेरावांनी त्याला सगळीकडून पाहिलं. "बराय. पण तुमी हितं बसलात म्हणून उभा हाय. तुमी टांगा घेऊन गेल्यावर?"

बोलणं खरं होतं. त्यातच मगरिबची अजान झाली. चाचांनी दावं सोडलं आणि स्वतःच्या हातानं पुन्हा बांधलं. भूकंपानंतर बांधून पाठ फिरवून जायची त्यांची ही पहिली गाठ. "तुमी बसा, शेषेराव. मी नमाज पढून येतो." गल्लीच्या वळणापर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही.

मशीद रस्त्याला लागूनच. नमाजाच्या शेवटच्या रकातीत असताना उसानं भरलेला ट्रक बाहेरून गेला. खिडक्या थडथडल्या, फरशी गुडघ्याखाली थरथरली. अगदी भूकंपात थरथरली होती तशी. चाचांनी डोळे घट्ट मिटले, नमाज पुरी केली, मान दोन्हीकडं वळवून शेवटचा सलाम फेरला.

ते अंगणात आले तेव्हा गुळ्या खुंट्याशी होता. दावं सैल होतं.

"ट्रक गेला तवा लई जोरात ओढलं बघा," शेषेराव म्हणाले. "मला वाटलं, गेलं. पोरगी उठली न्हाई. मंग आपलं आपणच पुढं आलं." ते उठले, धोतर झटकलं. "असू द्या, चाचा. टेम्पो बैलांसाठीच जाऊ द्या. सुदर्शनला सांगतो, गुळ्यानं पहिला पेपर दिला म्हणून."

ते गेल्यावर तूबानं विचारलं, "नाना, तुमी पळत आलात?"

"न्हाई तर. चालत आलो."

"मंग चपला कुठं हायत?"

चाचांनी पायांकडं पाहिलं. अमीरबी आतून खुदकन हसली. त्यांनी गुळ्याच्या खांद्यावर, त्या खाजऱ्या जागी, जरा बोटं चालवली, गाठीला हात लावला नाही, आणि चपला आणायला मशिदीकडं निघाले, या खेपेला सावकाश.