अकराव्या मिनिटाचं पीक

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर लावावी असं मी गेली कित्येक वर्षं सांगतेय. निकाल मनासारखा आला नाही की जो तो आधी यंत्राकडे बोट दाखवतो. यंत्र बिचारं बोलत नाही, म्हणून खपून जातं.

मी औषधं तपासते. कारखान्यात औषध तयार झालं की त्याच्या बाटल्या आमच्याकडे येतात. औषध अचूक मोजून द्रावणात पातळ करायचं आणि थेंबभर यंत्रात सोडायचं. आत पोलादाची वीतभर नळी असते, बारीक भुकटीने ठासून भरलेली. तिला आम्ही कॉलम म्हणतो. त्यातून एकेक पदार्थ आपापल्या चालीने बाहेर पडतो, कुणी तिसऱ्या मिनिटाला, कुणी सातव्या. बाहेर पडला की पडद्यावर उंचवटा उठतो, तो पीक. शेतातलं नव्हे, नव्या माणसाला हे एकदा सांगावं लागतं. पीक कितव्या मिनिटाला आलं त्यावरून कोण आलं ते कळतं, आणि केवढं आलं त्यावरून किती. तीस वर्षं मी हे बघत आलेय आणि अजून कंटाळले नाही.

त्या सोमवारी आकडी येणाऱ्या लहान मुलांचं पातळ औषध तपासायला घेतलं. आठ हजार बाटल्या गोदामात थांबलेल्या, आणि दुकानांत एकही शिल्लक नाही. सातव्या मिनिटाला औषध आलं, ऐटीत, जसं यावं तसं. मी चहाला उठणार, एवढ्यात अकराव्या मिनिटाला आणखी एक पीक उठलं.

तिथे काहीही यायला नको होतं. लहान मुलांच्या औषधात अनोळखी पदार्थ म्हणजे सगळ्या बाटल्या फेकून द्यायच्या. आणि तोवर ती मुलं काय घेणार?

माझ्या शेजारच्या टेबलावर बडबडी बसते. दिवसभरात चार वाक्यं बोलते, म्हणून तिला सगळे बडबडी म्हणतात. दोन मुलांची आई आहे, हात स्वच्छ, डोकं शांत. तिने त्याच बाटलीतून दुसरा नमुना केला. अकराव्या मिनिटाला काही नाही, सपाट. मी पुन्हा केला. पुन्हा पीक!

तीन दिवस मी जंग जंग पछाडलं. कॉलम बदलला, द्रावण नवं केलं, यंत्र आतून धुतलं. काचेची भांडी धुणाऱ्या माणसाला इतकी बोलले, की त्याने सगळे चंबू पुन्हा दोनदा धुतले आणि माझ्याशी बोलणं टाकलं. तिचा नमुना साफ, माझ्यात पीक. बुधवारी संध्याकाळी मी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हे माझ्याच पाचवीला पुजलंय का गं?"

बडबडीने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "आक्का, रागावणार नसाल तर सांगते. बाम असेल."

"कुठला बाम?"

"तुम्ही लावता तो. सांधेदुखीचा. सकाळी तुम्ही आलात की वास येतो. आम्हां सगळ्यांना माहितीय."

मी उडालेच. चार वर्षांपूर्वी तापात माझी वास घ्यायची शक्ती गेली, हे खरं. पण बाम मी आयुष्यात लावलेला नाही. "मी कशाला बाम लावू? माझे हात ठणठणीत आहेत," मी म्हणाले.

तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तिची चार वाक्यं संपली होती.

आता खरं सांगायला हवं. माझे हात ठणठणीत नव्हते. दीड वर्षापासून बोटांची पेरं सुजत होती, आणि सकाळी तर कपाचा कान धरवत नव्हता. पण आमच्याकडे ज्याचे हात गेले त्याचं टेबल जातं. कागदांच्या खोलीत बसवतात, दुसऱ्यांचे निकाल फायलीत लावायला. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. ते यंत्रापाशीच काढायचे असं मी ठरवलं होतं, म्हणून कुणाजवळ ब्र काढला नव्हता. चंबूत नमुना ढवळताना बूच घट्ट फिरवून लावावं असा नियम आहे. त्या आठवड्यात तर मला बूचही फिरवता येईना. मग मी उजव्या हाताचा मोजा काढून चंबूच्या तोंडावर सरळ अंगठा दाबायची आणि चंबू उलटासुलटा करायची. माझ्या गुरूची जुनी पद्धत, म्हणून मी ती मिरवतही होते.

बडबडी हात धुवायला गेली, तशी मी एका चंबूत औषध न घालता कोरं द्रावण घेतलं, अंगठा दाबला, दहा वेळा हलवलं आणि ते यंत्रात सोडलं. अकरा मिनिटं मी पडद्यासमोर बसून राहिले. मग पीक आलं, डोंगराएवढं. माझ्या अंगठ्यावर खरोखरच काहीतरी होतं, आणि ते मी लावलं नव्हतं.

घरी माझ्याशिवाय एकच माणूस आहे. माझा नवरा शिंपी. दुकान आता बंद केलंय, पण शेजारपाजाऱ्यांचे कपडे घरी शिवून देतात. त्या रात्री मी त्यांना काही विचारलं नाही. पहाटे जाग आली, तरी डोळे मिटून पडून राहिले.

उजाडायच्या बेताला ते उठले. शिलाईच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. माझ्या बाजूला येऊन ते खाली जमिनीवर बसले, गुडघ्यांनी कटकट केली तरी. दोन्ही तळव्यांत काहीतरी चोळून त्यांनी ऊब आणली आणि माझा उजवा हात उचलला. मग एकेक बोट, एकेक पेर, सुईत दोरा ओवतात तितक्या सांभाळून. अंगठ्यापाशी जास्त वेळ थांबले, कारण तो जास्त सुजतो. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सकाळी हात गरम लागायचे ते मी वयावर ढकलत होते. माझे डोळे भरून आले, आणि झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाला डोळे पुसता येत नाहीत.

ते चहा ठेवायला गेल्यावर मी शिलाईच्या डब्यातून बामाची नळी काढली. कामावर जाऊन त्यातला तांदळाच्या दाण्याएवढा बाम द्रावणात विरघळवला आणि यंत्रात सोडला. बरोबर अकराव्या मिनिटाला पीक. तेच, जिथल्या तिथे.

औषध निर्दोष होतं. दोष माझ्या अंगठ्यात होता.

साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण मनाने मोठा माणूस. मी सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटलं आणि म्हणाले, "आक्का, यंत्रात बिघाड झाला असं लिहू. बडबडीचे निकाल धरू. बाटल्या आज जातील आणि तुम्हीही आहात तिथेच राहाल. कुणाला कळतंय?"

मोह झाला. खोटं कशाला बोलू? आठ महिने म्हणजे किती, असंही मनात आलं. पण त्या यंत्राने तीन दिवस खरं तेच सांगितलं होतं आणि मीच त्याला खोटं ठरवत होते. आणि तेच पीक उद्या दुसऱ्या औषधात आलं असतं तर?

"अहवाल मीच लिहिते," मी म्हणाले.

पेन धरायला त्रास झाला, अक्षर वाकडं आलं. कारण: तपासनिसाचा उघडा अंगठा. त्यावर सांधेदुखीचा बाम. बूच न लावण्याचं कारण: तपासनिसाला बोटांनी बूच फिरवता येत नाही.

साहेबांनी वाचलं. "शेवटचं वाक्य नसतं लिहिलंत तरी चाललं असतं."

"मला नसतं चाललं."

बडबडीने बूच लावून सहा नमुने केले. सहाही साफ. दुसऱ्या दिवशी दुपारी आठ हजार बाटल्या ट्रकमध्ये चढल्या, आणि मला अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन सोमवारपासून कागदांच्या खोलीत बसायला सांगितलं. माझ्या टेबलावरची नावाची पट्टी मी स्वतःच काढली. स्क्रू मात्र बडबडीने फिरवले. एरवी न बोलणारी ती बाई रडत रडत इतकी बोलली, की मलाच तिला गप्प करावं लागलं.

घरी आले तेव्हा हे कुणाच्या तरी सदऱ्याला इस्त्री करत होते.

"लवकर आलीस गं?"

"अहो, माझं टेबल गेलं." मग मी बामाची नळी इस्त्रीच्या फळीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. पीक, अंगठा, अहवाल.

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे गेलं."

"तुमच्यामुळे काही नाही. बूच लावलं असतं तर तुमचा बाम चंबूत गेलाच नसता. हट्ट माझा होता." मी खुर्ची ओढून बसले. "पण मला सांगायचं तरी. दीड वर्ष चोरासारखं काय लावता?"

"एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, मला काही झालेलं नाही, पुन्हा विचारलंत तर बघा. मग मी तुझ्या कामावरच्या कोटाची बटणं काढून टिचबटणं लावली, त्यावरही ओरडलीस. झोपेत तेवढी ओरडत नाहीस तू."

मला हसू आलं, रडूही आलं. दीड वर्ष मी ज्याच्यापासून दुखणं लपवत होते, त्याला माझ्या हाताचं एकेक पेर पाठ होतं. आणि रोज पहाटे मला इतकं मायेने कुणी धरत होतं, ते मी झोपून घालवलं. टेबल गेल्याचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त मला या सगळ्या सकाळी गेल्याचं वाईट वाटलं.

मी उजवा हात त्यांच्यापुढे धरला. "आता झोपेत लावायचं नाही. मी जागी असताना लावा."

"ओरडशील."

"ओरडेनच. तरी लावा."

त्यांनी इस्त्री बंद केली, खुर्ची जवळ ओढली आणि भर दुपारी माझा हात हातात घेतला.