कोणीच भेटलं नाही

चाळिशी ओलांडली, चष्मा लागला, हाताखाली चार माणसं आली, तरी घरात ती बेबीच होती. ऑफिसात मात्र ती ‘मॉडेलवाल्या बाई’. मॉडेल म्हणजे नटूनथटून फोटोला उभं राहणारं नव्हे. शहरात साथ आली की ती कुठून कुठे जाईल, कोणाला गाठेल, हे आकड्यांत आधीच मांडून पाहायचं, त्यालाही मॉडेलच म्हणतात. आरोग्य खात्याच्या इमारतीत, खिडकीला जाळी असलेल्या एका खोलीत बसून बेबी हे काम करत असे. आणि त्या दिवशी सकाळपासून ती संगणकाच्या पडद्यासमोरून हललेली नव्हती.

पडद्यावर एक निळी रेघ होती आणि काही लाल ठिपके. रेघ बेबीच्या गणिताची: साठीपुढची किती माणसं रोज इस्पितळात दाखल होतील, त्याचा अंदाज. ठिपके खरे, इस्पितळांनी कळवलेले. सुरुवातीला ठिपके रेघेवर अगदी शहाण्या मुलांसारखे ओळीत बसले होते. मग एक जरा वर सरकला. होतं असं, ती म्हणाली. पुढचा त्याहून वर गेला. आजचा तर इतका उंच होता की तिने पडद्यावरून बोट फिरवून पाहिलं, डाग तर नाही ना. डाग नव्हता. ती माणसं होती.

साथ तापाची होती. मुलांना ती शिंका-खोकल्यावर सोडून देई. म्हाताऱ्या माणसांच्या मात्र छातीत जाऊन बसे. अशा साथीचं गणित मांडताना पहिला मोह होतो तो सगळ्या शहराला एका पिशवीतल्या गोट्या समजण्याचा. पिशवी हलवली की कुठलीही गोटी कुठल्याही गोटीवर आपटते. गणित सोपं होतं, पण खोटं ठरतं. माणसं अशी मिसळत नाहीत. मुलं मुलांत रमतात, कमावती माणसं कमावत्यांत वावरतात, म्हातारी आपल्या जागी असतात. म्हणून आधी माणसांचे गट पाडायचे आणि मग एक चौकोनी तक्ता आखायचा. आडवी ओळ एका गटाची, उभी दुसऱ्याची, आणि दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात त्या घरात एक आकडा लिहायचा: या गटातला माणूस रोज त्या गटातल्या किती जणांच्या जवळ जातो. साथ या घरांमधून चालते. आकडा मोठा तिथे दार सताड उघडं. आकडा लहान तिथे दार लोटलेलं.

बेबीच्या तक्त्यात म्हातारी माणसं आणि मुलं जिथे एकत्र येतात, त्या घरात जवळजवळ शून्य होतं. त्या शून्याच्या भरवशावर तिने सांगितलं होतं, शाळा बंद करा, मुलं घरी बसू देत; साथ मुलांतच विझेल, म्हाताऱ्यांपर्यंत पोचायला तिला वाटच नाही. तिच्या शब्दावर शहरातल्या सगळ्या शाळांना कुलपं लागली. आज दुपारच्या बैठकीत ती कुलपं आणखी पुढे चालू ठेवायची होती.

सकाळभर तिने आकडेमोड तपासली. बेरजा बरोबर, गुणाकार बरोबर. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. काहीच सापडेना, आणि ठिपका होता तिथेच होता. शेवटी तिने जेवणाचा डबा न उघडता घरी फोन लावला. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदा येणारा. घरात ती, आई आणि सहा वर्षांचा मुलगा. तो दिवसभर कानाशी गुणगुणत असतो म्हणून त्याला सगळे भुंगा म्हणत.

“जेवलीस का?” आईने पहिलं तेच विचारलं.

“जेवते. तू बाहेर नाही ना गेलीस? घरी कोणी आलं होतं?”

“मी कुठे जातेय? तू सांगितल्यापासून उंबरा ओलांडलेला नाही. आणि येणार कोण? शेजारीण लांबूनच हात हलवते आणि पळते. जसं काही मी तिला धरून गाणं म्हणायला लावणार आहे.”

“म्हणजे कोणीच नाही?”

“कोणीच भेटलं नाही गं. माणसाचं तोंड दिसलं नाही.”

फोनमध्ये कोणीतरी खोकलं. अगदी जवळ, जणू बेबीच्याच कानात.

“हात, हात, तोंडावर हात धर रे भुंग्या,” आई म्हणाली. “सगळं माझ्या तोंडावर उडवलंस. परवा जिन्यात पोरांत खेळून आला, तर आज सकाळपासून नाक वाहतंय गं याचं, मांडीवरून उतरायला तयार नाही. घाससुद्धा मीच भरवतेय, राजेसाहेबांना.”

बेबी उठून उभी राहिली. कशासाठी उठली, ते तिला कळलं नाही.

“आई, तू आत्ता काय म्हणालीस?”

“नाक वाहतंय म्हणाले.”

“त्याच्या आधी.”

“कोणी भेटलं नाही म्हणाले. खोटं कशाला बोलू?”

“आणि भुंगा?”

“भुंगा काय भेटतो का?” आई हसली. “भुंगा घरातलाच आहे. बेबी, तू खरंच जेवली नाहीस वाटतं.”

“त्याला खाली ठेव, आई. मांडीवरून उतरव त्याला. आत्ता.”

“आजारी पोराला खाली ठेवू? गणित शिकून माणूस असं होतं होय? ठेव फोन. आणि जेव.”

फोन बंद झाला. बेबी मात्र तो कानाला लावून उभीच राहिली.

साथीच्या पाहणीतला तो भेटण्याचा प्रश्न तिनेच तयार केला होता. तक्त्यात घालायचे आकडे हवेत कुठून आणायचे? माणसांनाच विचारायचं. म्हणून खात्यातल्या मुलींनी शहरभर फोन केले होते. मूळ प्रश्न पुस्तकी होता: काल आपला किती व्यक्तींशी निकट संपर्क आला? बेबी म्हणाली होती, असं कोणी बोलतं का? साधं विचारा. काल तुम्ही कोणाकोणाला भेटलात? सगळ्यांना पटलं, आणि तिला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

आणि भेटतं कोण? लांबचं माणूस भेटतं. रस्त्यात जुना मित्र भेटतो. जो आपल्याच पांघरुणात पाय खुपसून झोपतो, त्याला कोणी भेटत नाही.

ती धावतच फोनच्या खोलीत गेली. तिथे सहा जणी कानाला यंत्र लावून बसल्या होत्या. त्यांतल्या सगळ्यांत जुनीला तिने खांद्याला धरून विचारलं, “तेव्हा फोन केले होते ना, म्हाताऱ्या माणसांना, त्यांच्या उत्तरात नातवंडं यायची का?”

“कधी? भेटण्याच्या प्रश्नाला?” ती आठवू लागली. “नाही हो मॅडम. म्हातारी माणसं बहुतेक म्हणायची, आता आम्हाला कोण भेटतंय. एक आजोबा तर म्हणाले, कोणी नाही भेटलं, आणि मागून पोर ओरडतंय, आजोबा, घोडा व्हा, परत घोडा व्हा.”

“मग तुम्ही काय लिहिलंत?”

“कोणी नाही, असं. माणूस सांगेल तेच लिहा, पदरचं घालू नका, असं तुम्हीच बजावलं होतंत.” तिने बेबीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “काही चुकलं का आमचं?”

“तुमचं नाही,” बेबी म्हणाली.

बेबीला तेव्हा त्या उत्तरांचं वाईट वाटलं होतं. किती एकटी पडली आहेत ही माणसं, असं ती घरी आईला म्हणालीही होती. भुंगा तेव्हा आईच्या पाठीवर चढून तिच्या केसांचे शेंडे ओढत होता.

खोलीत परत येऊन तिने तक्त्यातलं ते शून्य पुसलं. मग विचार केला. शाळा चालू होत्या तेव्हा मुलं अर्धा दिवस तरी मास्तरांच्या ताब्यात असत. शाळा बंद झाल्यावर आईबाप कामावर गेले, आणि शहरातली सगळी मुलं गेली कुठे? आजी-आजोबांच्या मांडीवर. तिने दार लावलं नव्हतं. तिनेच ते उघडून धरलं होतं. किती घरांत म्हातारी माणसं नातवंडं सांभाळत असतील, त्या अंदाजाने नवा आकडा घालून तिने गणित पुन्हा चालवलं. निळी रेघ हलली, वर चढली, आणि एकेका लाल ठिपक्यातून सुईतला दोरा जावा तशी सरळ गेली. गणित जुळलं की बेबी एरवी टेबलावर टिचकी मारायची. आज तिने तोंडावर हात दाबून धरला, कारण रेघ ठिपक्यांपाशी थांबली नव्हती. ती पुढे गेली होती, अजून न उजाडलेल्या दिवसांत, आणि चढतच होती.

घरी पळावं असं तिच्या पायांना वाटत होतं. पण बैठक सुरू व्हायच्या बेतात होती, आणि तिथे तिच्या जुन्या शून्यावर सही होणार होती. ती वर गेली.

खात्याचे मुख्य डॉक्टर एकटेच कागद चाळत बसले होते. निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

“म्हणजे बाई,” ते म्हणाले, “तुम्ही बंद करा म्हणालात, मी बंद केल्या. आता म्हणता, चूक झाली. मी लोकांना काय सांगू? आमच्या बाईंचा एक शब्द हुकला?”

“हो सर. तेच सांगा. माझं नाव घेऊन सांगा.”

“उद्या आणखी एक शब्द हुकेल.”

“हुकेल कदाचित. पण हा हुकलाय ते दिसतंय. सर, तुमच्या घरी नातवंडं आहेत?”

“हा काय प्रश्न झाला?”

“काल तुमच्या पत्नी कोणाला भेटल्या?”

“ती? कोणाला भेटणार? ती घरातच—” डॉक्टर थांबले. त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला, सरळ केला, परत एकदा सरळ केला. मग खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोरच घरी लावला. “अगं, दोन्ही मुलांना घेऊन सूनबाईला तिच्या खोलीत जायला सांग. तू आत जाऊ नकोस. का ते घरी आल्यावर सांगतो. नाही, मी भांडत नाहीये.”

फोन ठेवून त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, “काय करायचं ते सांगा. थोडक्यात.”

तिने सांगितलं. ज्यांच्या घरी सांभाळायला फक्त म्हातारं माणूस आहे, त्यांच्या मुलांसाठी शाळा उघडा. लहान लहान तुकड्या, एक तुकडी एका शिक्षकाकडे, तुकड्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत. बाकीच्यांच्या आईला किंवा बापाला रजा द्या. आणि आजी-आजोबांना स्पष्ट शब्दांत सांगा.

“कुठल्या शब्दांत?” डॉक्टरांनी विचारलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरंच हवं होतं ते.

बेबीने विचार केला. “नातवंडांना मांडीवर घेऊ नका, एवढंच. दुसरं काही नको.”

“तुम्ही घरी जा,” ते म्हणाले. “इथलं मी बघतो.”

ती घरी पोचली तेव्हा भुंगा आजीच्या कुशीत झोपला होता. त्याचं नाक तिच्या गळ्याशी, तोंड उघडं, श्वासाची घरघर. बेबीने काही न बोलता त्याला उचललं. तो जागा होऊन रडू लागला.

“दे इकडे,” आई म्हणाली. “अंग बघ कसं कढत आहे त्याचं. घरात पाऊल टाकलं नाहीस तोच हिसकावतेस काय?”

“आई, आतल्या खोलीत जा. दार लावून घे. हा तिथे येणार नाही.”

मग तिने बसून सांगितलं, जसं लहान मुलाला सांगावं तसं. त्या गोट्या, तो तक्ता, ते घर, ते शून्य. आई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “मला विचारलं असतंत तर मीही तेच सांगितलं असतं.”

“हो.”

“मग किती जणी असतील गं माझ्यासारख्या?”

बेबीकडे तो आकडा होता. तिने तो सांगितला नाही. आईच्या कपाळावर तळवा ठेवला. कपाळ गरम लागलं. पण तिचे स्वतःचे हात बर्फासारखे गार होते, तेव्हा गरम काय नि साधं काय, तिला कळेना.

“चेहरा नीट कर,” आई म्हणाली. “मी अजून आहे.” उशी आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती आतल्या खोलीत गेली. कडी लागली.

भुंगा बेबीच्या हातातून सुटला आणि दारावर बुक्क्या मारू लागला. “आजी, उघड. आजी, मी खोकत नाही आता. आजी, बघ ना, तोंडावर हात धरलाय.” पुन्हा खोकला. पुन्हा बुक्क्या. “आजी, मी काय केलं?”

मग कडी किंचित वाजली. बेबीला ते स्पष्ट ऐकू आलं, लोखंडावर लोखंड सरकल्याचं.

“बेबी,” दाराच्या अगदी जवळून आईचा आवाज आला, हळू. “त्याला उचलून ने इथून. माझा हात कडीवर आहे, आणि हात माझं ऐकत नाहीये.”

बेबीने मुलाला पोटाशी आवळलं. तो लाथा झाडत होता, आजी आजी करत होता, त्याचा कढत श्वास तिच्या मानेवर येत होता. त्याला घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि पायाने दार ढकलून लावलं. ती खाली बसली; आजीचा भुंगा आता तिच्या मांडीवर होता. भिंतीपलीकडे कडी परत जागेवर बसल्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागून, दाबून धरलेला, एक खोकला.